पाणंदीतला वास

ओरोसला जिल्हा परिषदेवर आमच्या युनियनच्या अंगणवाडी मदतनिसांचा मोर्चा निघाला की काशीबाई शेवटच्या रांगेत असते. घोषणा देताना तिचे ओठ हलतात, आवाज येत नाही. एकदा मागे जाऊन मी विचारलं, "काशीबाय, घसो बसलो काय गो?" तर म्हणाली, "नाय ताई. मी मनात म्हणतंय. सायबाक काय, मोठ्यान म्हटला तरी आयकाक येना नाय."

अशी बाई. पन्नाशी कधीच ओलांडलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, एक मुलगी सोनल. उभ्या जन्मात कुणाशी भांडण नाही. आणि गाव उठतं ते अशाच बायकांवर, एवढं मी रस्त्यावर उभी राहून शिकले आहे. शाळेने मला फारसं शिकवलं नाही, पण हे पक्कं कळतं.

गाव आचऱ्याच्या अलीकडे. नाव लिहीत नाही, कारण मला तिथे परत जायचं आहे आणि चहासुद्धा प्यायचा आहे. वाडी आणि देऊळ यांच्यामध्ये एक पाणंद लागते. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे चिऱ्यांचे गडगे, वर काजूच्या फांद्या वाकलेल्या, आत वारा म्हणून शिरत नाही. मध्यावर देवचाराचा, म्हणजे वाडी राखणाऱ्या भुताचा, दगड. त्या पाणंदीचा एक नियम आहे आणि तो वाडीतल्या पोराटोरांनाही पाठ आहे. आत कसलाही वास आला तर तोंड उघडायचं नाही. मागे बघायचं नाही. वासाला ओळखून त्याचं नाव घेतलं तर तो मागोमाग घरी येतो. म्हणून वास आला की माणसं गप्प होतात आणि पाय उचलतात.

काशीबाईला मात्र वास येतच नाही. पाणंदीतलाही नाही आणि कुठलाच नाही. कोरोनात ताप आला, ताप गेला, आणि जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले येईल हळूहळू. आला नाही. हे तिने कुणालाच सांगितलं नाही, अगदी सोनललासुद्धा नाही. तिच्या अंगणवाडीत पोरांची खिचडी तीच शिजवते. एकदा ती पोरांचे हात धुवायला बाहेर गेली आणि आत टोप करपला. सेविका संचिता धावत आली. "काशीबाय, वाडयेभर वास सुटलो, तू खंय आसस?" काशीबाईने काहीतरी कारण सांगून वेळ मारून नेली. वास न येणाऱ्या बाईला पोरांचं जेवण करायला कोण ठेवणार? मग ती टोपापासून हललीच नाही. फोडणी कानांनी ऐकायची, डाळीचा रंग बघायचा, तेल बोटावर घेऊन जिभेला लावायचं. असं तिने निभावलं.

दुसरी भीती अंगाची. आपल्याला घामाचा वास येतोय का, सुक्या मासळीचा येतोय का, पोरांच्या शी-शूचा येतोय का, हे तिला कळायला मार्ग नाही. एसटीत शेजारच्या बाईने नुसता पदर सावरला तरी हिला वाटायचं, आपल्यामुळेच.

सोनल मोप्याच्या विमानतळावर एका दुकानात कामाला आहे. गणपतीला आली तेव्हा तिने आईला सेंटची बाटली आणली. गुलाबी काच, झाकणावर काचेचंच फूल.

"आये, ह्याच्यात पीच आसा, लिची आसा, मोगरो आसा आणि खाली व्हॅनिला."

"बाय, हो सेंट काय सरबत गो?"

"लावून बघ. गोड आसा. दोनदाच मार हां, जास्त नको."

काशीबाईने दोनदा मारला. तिला तो पाण्यासारखा लागला. गार आणि बिनवासाचा. सोनल म्हणाली, मस्त येतोय. पण सोनल गेल्यावर विचारणार कोणाला? म्हणून ती मानेवर, पदरावर, केसांवर, खांद्यावर, हात दुखेपर्यंत मारायची. तोसुद्धा चोरून. विधवा बाईने सेंट मारू नये असं आमच्याकडे आता कुणी बोलून दाखवत नाही, नुसतं बघतात. म्हणून दिवसा कधी नाही. संध्याकाळी आंघोळ करून, तिन्हीसांजेला देवळात दिवाबत्तीला जाताना. सगळ्या बायकांच्या आधी ती एकटीच पाणंदीतून पुढे जायची. बाकीच्या मागून यायच्या.

आणि पाणंदीत वास थांबलेला असायचा.

पहिल्यांदा तो शेजारच्या विमलाकाकींना आला. त्यांना आली सुरंगी. पावसाळा सरून भात पिवळं पडायच्या दिवसांत सुरंगी! ती फुलते शिमग्याच्या अलीकडेपलीकडे. विमलाकाकींची थोरली मुलगी एका शिमग्यातच तापाने गेली होती, सुरंगीच्या फुलांचा वळेसर उशाशी ठेवून. काकी पाणंदीत एकदाच थांबल्या, पदर तोंडाशी धरला आणि चालायला लागल्या. नियमाप्रमाणे कुणाला काही बोलल्या नाहीत.

त्यांची सून दीपिका, चौथा महिना लागलेली. तिला तिथे पिकलेला फणस यायचा. बरका, चिकट, पोटात ढवळणारा. फणस केव्हाच संपले होते. तीही बोलली नाही. सासू-सून एकाच पाणंदीतून, एकीमागे एक, आपापलं भूत घेऊन घरी यायच्या आणि एका ताटलीतली भाजी वाढून घ्यायच्या.

एके संध्याकाळी दीपिका पाणंदीत ओकली आणि तिथेच दगडाजवळ बसली. तिला उचलून घरापुढच्या खळ्यात आणलं. बायका जमल्या. पाणी पाजलं, मीठमोहऱ्या ओवाळल्या. आणि पहिल्यांदा कुणीतरी अर्धवट बोललं.

"वास होतो ना गो?" विमलाकाकींनी विचारलं. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. तेवढ्यात देवळातून परतलेली काशीबाई खळ्याच्या तोंडाशी उभी राहिली. काकी तिच्याकडे वळल्या. "काशी, तू पुढे होतंस. तुका इलो?"

सगळ्यांचे डोळे तिच्यावर. नाही म्हणावं तर विचारतील, सगळ्यांक येता, तुकाच कसो येना नाय? मग खिचडी आठवेल कुणाला तरी.

"इलो," काशीबाई म्हणाली.

"कसलो?"

काकी मघापासून तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत होत्या. त्यातला एक शब्द तिने उचलला. "सुरंगीचो."

विमलाकाकी मटकन खाली बसल्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे खरा तर!" तोवर आतल्या खोलीत नेऊन निजवलेली दीपिका ऐकत होती. दोघींना सुरंगी, आपल्यालाच फणस. म्हणजे आपल्याला येतंय ते वेगळंच काहीतरी, पोटातल्यासाठी आलेलं. ती भिंतीकडे तोंड करून रडत राहिली.

काशीबाई घरी आली, दार लावून घेतलं आणि चुलीसमोर बसली. तिची भीती त्या सगळ्यांपेक्षा वाईट होती. पाणंदीत काहीतरी आहे, ते सगळ्या वाडीला कळतं, मला कळत नाही. का? ज्याच्या अंगावर बसलेलं असतं त्यालाच कळत नाही, हे तिने लहानपणापासून ऐकलेलं. मांडीवर हात ठेवला तर हात तिला परका वाटायला लागला. बाटलीचा विचार तिच्या मनात आलाच नाही, आणि का यावा? सोनलने सांगितलं होतं, गोड, फळांचा. लोक म्हणत होते सुरंगी. दोन्ही एकच असतील हे कळायला नाक लागतं.

तिने एवढंच ठरवलं की अंगावर जे काही आहे त्याचा घाण वास कुणाला येऊ नये. आणि दुसऱ्या दिवसापासून दुप्पट सेंट मारायला लागली.

पुढचं सांगायलाच नको. देवळात तिच्या मागे बसलेली सलोनी, कॉलेजातली पोरगी, आईच्या कानात म्हणाली, "वास काशीबायच्या बाजून येता." आईने तिचं तोंड दाबलं, पण शब्द सुटला तो सुटला. वाडीत सेंट मारणाऱ्या बायका नव्हत्या असं नाही. लग्नाला जाताना एकेकीचा वास आधी मांडवात पोचतो. पण काशीबाई सेंट मारील हे कुणाच्या डोक्यात शिरत नव्हतं. भूत शिरत होतं, सेंट शिरत नव्हता! अंगणवाडीत पोरं कमी यायला लागली. आया म्हणायच्या, सर्दी आहे. आणि मग दाजींनी, म्हणजे देवळातल्या मानकऱ्यांनी, निरोप पाठवला की काशीबाईसाठी देवाला कौल लावायचा. डावा पडला तर तिने पाणंदीत पाऊल टाकायचं नाही आणि पोरांच्या जेवणाला हात लावायचा नाही.

संचिताने मला फोन केला. ती रडतच होती. "ताई, काशीबाय भियान अर्धी झाली. टोपात पाणी ओतताना अर्ध्या पाणयान जमीन भिजता. तुमी येवा."

मी स्कूटर काढली. गावात शिरले ती थेट दाजींच्या पडवीत. मी कायदा काढला, कलम काढलं, पोलिसांचं नाव घेतलं, आवाजही काढला. दाजींनी शांतपणे पान लावलं आणि म्हणाले, "बाय, तुजो कायदो ओरोसाक. हय देवाचो चलता." वर हेही म्हणाले की तू आरडलीस म्हणून काशीचं काही बरं होणार नाही, उलट लोक म्हणतील बाहेरची माणसं आणून देवावर घालते. म्हातारा चुकीचं बोलत नव्हता, म्हणून मला जास्त राग आला.

तिथून काशीबाईच्या घरी गेले. उंबऱ्यातच वास नाकात बसला. मला तो आला खोकल्याच्या औषधाचा, लाल, गोड, लहानपणी आई नाक दाबून पाजायची तसला.

"काशीबाय, सेंट मारतंस काय गो?"

ती भिंतीला टेकली. "तुमकांय येता?" तिने पदर घट्ट लपेटून घेतला. "ताई, तुमकांय येता? तुमी तर ह्या मानणास नाय!"

फळीवर पोह्यांच्या डब्यामागे गुलाबी बाटली दिसली. तळाला थोडंसं उरलेलं. मी उचलून मनगटावर मारलं. तोच.

"हो तो वास."

"तो न्हय. तो गोड आसा. लोकांक सुरंगी येता."

"तुका काय येता?"

ती माझ्या मनगटाकडे बघत राहिली. मी हात तिच्या नाकाखाली नेला, अगदी टेकवला. तिने लहान पोरासारखा जोराने श्वास घेतला, पुन्हा घेतला, आणि मान हलवली. तेव्हा मला कळलं की तिला वासच येत नाही, आणि तिला कळलं की भूत बाटलीतच आहे. पण सुटका झाल्यासारखं तिचं तोंड झालं नाही. उलट ती माझ्या पायाशी बसली.

"सांगू नकात ताई. पाया पडतंय. वास येना नाय म्हटल्यार सुपरवायझर मॅडम माका काढून टाकतली."

"मगे सेंट होतो इतक्याच सांग. वास येना नाय ता सांगू नको."

"आणि सुरंगी कशाक म्हटलंय ता विचारतीत त्येंका काय सांगू? म्हणतीत, काशीन मुद्दाम केल्यान. पोटुशी बाय पडली तरी गप रवली. ताई, भूत बरां. भूत अंगावरसून उतरता तरी. ह्या उतरूचा नाय."

मी म्हटलं, उद्या कौलाला मी येते, पण बोलणार तू. मी तोंड उघडणार नाही. बाटली जवळ ठेव. काढायची की नाही ते तुझं तू ठरव.

दुसऱ्या दिवशी दुपारचं जेवण उरकून वाडी देवळात जमली. रवळनाथाच्या पाषाणावर दाजींनी ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर देव होय म्हणतो, डावी पडली तर नाही. काशीबाई खांबाजवळ उभी, पदर दोन्ही हातांनी छातीशी आवळलेला. तिच्या आजूबाजूला हातभर जागा मोकळी सोडली होती. दीपिका नवऱ्याच्या आड बसली होती. दाजींनी गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली, लोक "होय म्हाराजा" म्हणायला लागले. सगळ्यांची नजर पाकळ्यांवर. डावीकडची एक पाकळी सुटल्यासारखी हलली. मी खाली बसून स्वतःचीच ओढणी चावत होते.

"देवाक थांबवा," काशीबाई म्हणाली.

मोर्चात जिचा आवाज कधी कुणी ऐकला नव्हता ती. दाजी मधेच थांबले. तिने पदरातून बाटली काढून पुढे धरली.

"ह्यो वास ह्येचो. सोनलन दिल्यान. मी मारतंय सांजेक."

मग विमलाकाकी उठल्या, चिडूनच. "माका सुरंगी कळना नाय? तीस वर्सां वळेसर केलंय मी! ह्यो इलायती सेंट सुरंगीचो खयसून येतलो?"

"लावून बघा काकी."

काकींनी मनगट पुढे केलं, विंचवाला हात दाखवावा तसं. वास घेतला आणि तोंड फिरवून म्हणाल्या, "सुरंगीच!" दीपिकाने बसल्या जागेवरून हात पुढे केला. नवरा नको नको म्हणत होता, तिने ऐकलं नाही. हुंगलं, आणि लगेच हात लांब धरला. "फणस! बरको फणस!"

"खंयचो फणस?" काकी वळल्या. "तुका सुरंगी येना नाय?"

"नाय आये. पयल्यापासून फणसच येता. मी भियान सांगूक नाय."

"अगो, मगे म्हटलंस कित्या नाय? मी आपली थोरला चेडू परत इला समजान दाराक मीठ टाकतंय!"

मग मनगटावर मनगटं पुढे झाली. सलोनी म्हणाली, जेली. तिची आई म्हणाली, जेली नव्हे, मयताच्या घरातली अगरबत्ती. पाणंदीत ज्याचं नाव घ्यायचं नाही त्याचं नाव देवासमोर जो तो ओरडून घेत होता आणि दुसऱ्याचं खोटं पाडत होता. शेवटी कुणीतरी दाजींच्या उपरण्यावर फवारा मारला. दाजींनी हुंगलं, डोळे मिटले. "अननसाचो शिरो," ते म्हणाले. "माझ्या लग्नातलो."

"दाजी, देवासमोर तरी खाण्याचा सोडा!" कुणीतरी म्हटलं आणि हसू फुटलं. काशीबाई हसली नाही. ती विमलाकाकींकडे बघत होती. काकींना आठवणार हे तिला माहीत होतं, आणि काकींना आठवलं.

"काशी. त्या दिवशी मी तुका विचारलंय. तू सुरंगी कशाक म्हटलंस?"

हसणं विझलं. मी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"माका वास येना नाय काकी," काशीबाई म्हणाली. "कसलोच. कोरोनापासून."

आधी कुणाला त्याचा अर्थ कळला नाही. मग एका आईला कळला. तिने पोराला जवळ ओढलं. "म्हणजे खिचडी?" दुसरी म्हणाली, "आणि गॅस? गॅस सुटलो तर गो?"

भुताच्या भीतीशी मी भांडू शकते. ही भीती खरी होती, हिच्याशी मी काय भांडणार? संचिताचं तोंड पांढरं पडलं होतं. दाजींना मात्र बरं वाटलं. ते पाषाणाकडे वळले आणि म्हणाले, "पाकळ्यो आसतच लावलेल्यो. काशीन शिजवूचा काय नाय, देवाकच विचारूया."

काशीबाईने डोळे मिटून घेतले. मी तिला धरायला पुढे झाले, पण माझ्याआधी विमलाकाकी बोलल्या.

"विचारू नकात. देव खिचडी खाता काय? पोरां आमची, आमी ठरवतलो." मग काशीबाईकडे बघून, तेवढ्याच रागाने म्हणाल्या, "गॅस संचिता पेटवतली आणि तीच बंद करतली. तू शिजव. आणि पोरांक वाढुचे आधी रोज एक बाय येवन टोप हुंगतली. ती होय म्हणासर पळी घालूची नाय. आणि वायट वास इलो तर मी सोतान तुका काढतलंय, मॅडमाची वाट बघूचंय नाय. आयकलंस?"

"होय," काशीबाई म्हणाली.

लावलेला कौल तसाच सोडता येत नाही, म्हणून दाजींनी मग देवाला यंदाच्या भाताबद्दल विचारलं. उत्तर ऐकायला फारसं कुणी थांबलं नाही.

परवा मी अंगणवाडीत गेले होते. पोरं ताटल्या वाजवत बसलेली. आज वास घ्यायची पाळी दीपिकाची होती. पोट आता चांगलं दिसायला लागलंय. तिने झाकण काढलं, वाकली, डोळे मिटून लांब श्वास घेतला. काशीबाई टोपाच्या पलीकडे पळी घेऊन उभी होती आणि दीपिकाच्या तोंडाकडे बघत होती. तिची नाकपुडी जरा हलली तरी पळीवरची पकड घट्ट होत होती. संचिता म्हणाली, रोज अशीच उभी राहते, पाळी कुणाचीही असो.

"बरी आसा," दीपिका म्हणाली. "वाढ."

काशीबाईने रोखलेला श्वास सोडला आणि पळी टोपात घातली.